कुत्र्यांच्या परवान्यांमधली माणसं

दुपारच्या जेवणानंतर आरामखुर्चीत डुलकी लागली, की पोचकाका हजेरी घ्यायला सुरुवात करत. डोळे मिटलेले, मान डाव्या खांद्यावर कलंडलेली, पण आवाज मात्र खणखणीत, कचेरीतला.

"पुरुष, वय अंदाजे पंचवीस, उजव्या पायाला सहा बोटं. जागेवर. स्त्री, वय अंदाजे तीस, मनगटावर भाजल्याचा जुना व्रण. जागेवर. पुरुष, वय अंदाजे तीस, निळा शर्ट, वरून तिसरं बटण लाल दोऱ्यानं शिवलेलं. जागेवर."

शेजारी मटार सोलत बसलेल्या काकू मान वर न करता म्हणत, "आले वाटतं पाहुणे."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा त्या तिशीच्या बाईवरून काकूंनी चार दिवस अबोला धरला होता. पाचव्या दिवशी काकांनी सांगून टाकलं, की ती बाई कधीच वारली, आणि आपण तिला पाहिलेलंही नाही, नुसतं वाचलंय. त्यावर काकू म्हणाल्या, "जिवंत असती तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं."

असे एकूण एक्केचाळीस. घरात माणसं दोन आणि पाहुणे एक्केचाळीस. खाणं नाही, पिणं नाही, अंघोळीला पाणी नाही, पाहुणे म्हणून अगदी सोयीचे. फक्त जायचं नाव काढत नव्हते. काका बाहेरून आले की दार लावण्याआधी क्षणभर थांबत, मागून कुणी आत यायचं राहिलं असावं तसे. काकूंना ते दिसायचं.

काकांची सगळी नोकरी, एकतीस वर्षं, शहराच्या कचेरीतल्या तळघरात गेली. तिथं रेकॉर्ड रूम होती. लोखंडी रॅक, त्यांवर कापडात बांधलेले गठ्ठे, जुन्या कागदाचा कोमट वास आणि बाहेर उघडणारी एकच खिडकी, तीही रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळं काकांनी एकतीस वर्षं शहराचे फक्त पाय पाहिले. वर्षातून एकदा मोजणी असे. एकानं यादीतला नंबर वाचायचा, दुसऱ्यानं गठ्ठ्यावर हात ठेवून म्हणायचं, "जागेवर." तळघरात दुसरा माणूस कुणी टिकत नसल्यामुळं काका स्वतःच विचारत आणि स्वतःच उत्तर देत. निवृत्त झाल्यावर डबा सुटला, छत्री सुटली, साहेब सुटले. मोजणी सुटली नाही.

आणि कचेरीही सुटली नाही. रोज अकरा ते दोन ते कचेरीच्या पोर्चमधल्या लाकडी बाकावर बसत आणि कागद मागायला आलेल्यांना अर्ज लिहायला मदत करत. फुकट. हे लोकांना आधी संशयास्पद वाटे, मग सवयीचं झालं.

"साहेब, मी विचारलंय, माझ्या घरासमोर खड्डा का आहे?" असा एक गृहस्थ तावातावानं आला होता. "उत्तर काय, तर माहिती उपलब्ध नाही! खड्डा उपलब्ध आहे, माहिती नाही!"

"बरोबरच आहे त्यांचं," काका म्हणाले. "'का' विचारलंत ना. 'का'ला फाईल नसते. उत्तर मागायचं नाही हो, कागद मागायचा. रस्ता दुरुस्तीच्या कामाचा आदेश, मोजमापाची वही, काम पूर्ण झाल्याचा दाखला. कुठला रस्ता, कुठलं वर्ष, सगळं घाला. खड्डा बुजवला म्हणून कुणी सही केलीय ते नावानिशी हातात येईल. मग त्यालाच विचारा, का."

कागदाचं नाव माहीत नसेल तर आधी त्या खात्याची नुसती यादी मागा, असं ते सांगत. आधी समक्ष पाहायला मागा, मग हव्या त्या पानांच्या नकला घ्या, नाहीतर पोतंभर कागद येतील आणि हवा तोच नसेल. नाही म्हणाले तर रागावू नका, ते 'नाही' कारणासकट लेखी घ्या. अपील त्याच्यावरच उभं राहतं. आणि खिडकीकडे निघालेल्या माणसाला पाठमोरं गाठून हमखास ओरडत, "पोच घ्या! शिक्का, तारीख, आवक नंबर! पोच नसेल तर तुम्ही इथं आलाच नव्हता!"

म्हणून ते पोचकाका. हे शेवटचं वाक्य म्हणताना त्यांचा आवाज का उतरतो, हे मात्र पोर्चमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

एका मंगळवारी एक कंडक्टरबाई आली. अंगावर गणवेश, खांद्यावर बॅगेच्या पट्ट्याचा घट्टा, आणि आवाज भरल्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत जाणारा.

"पोचवाले काका तुम्हीच का? सरका जरा पुढं." ती बाकावर बसली. "अर्ज माझा मीच केला. पोचही घेतली. पोच म्हणजे तिकीटच की, ते न घेता कोण चढतं? महिन्यानं उत्तर आलं. आता अपील करायचंय, ते तुम्ही लिहा."

"मागितलं काय होतंत, ताई?"

"बाप," ती म्हणाली.

काका चष्मा पुसत होते, ते थांबले.

तिचा बाप उंच इमारती रंगवायचा. दोर आणि फळी, आणि एका कंत्राटदाराच्या टोळीबरोबर या शहरातून त्या शहरात. ती चार वर्षांची असताना तो असाच कामावर गेला आणि आला नाही. कंत्राटदारानं सांगितलं, पळून गेला कुणाबरोबर तरी. लोकांनी ते लगेच मानलं, कारण ऐकायला बरं होतं. आता चौतीस वर्षांनी टोळीतल्या एका रंगाऱ्यानं आजारपणात तिला बोलावून घेतलं आणि सांगितलं: पळाला नाही, पडला. याच शहरात. कंत्राटदारानं त्याला इस्पितळाच्या दारात ठेवलं आणि त्याच संध्याकाळी सगळी टोळी हलवली. नाव सांगायला मागं कुणी उरलं नाही. साल आणि महिना एवढं त्याच्या लक्षात होतं.

"म्हणून मी मागितलं, त्या महिन्यातले बेवारस मृतांचे कागद. बरोबर मागितलं ना?"

"एकदम बरोबर," काका म्हणाले.

"आई दाराला कडी लावत नाही, काका. नुसतं लोटून ठेवते. चौतीस वर्षं. आला कोण, तर एक चोर, तो कुकर घेऊन गेला. आता ती अंथरुणाला खिळलीय. डॉक्टर वर्षांत बोलायचे, ते महिन्यांत बोलायला लागलेत. खोकला थांबत नाही, वारा सरळ अंगावर येतो. मी म्हटलं, लावू का गं कडी? तर म्हणते, आणि तो आला म्हणजे?" तिनं नाक ओढलं. "तिला नुसतं सांगून पटणार नाही. चौतीस वर्षं लोक तिला सांगतच आलेत. कागद पाहिजे."

"अंगावर काय होतं त्यांच्या? काही सांगते आई?" काकांनी विचारलं, आणि विचारताक्षणीच त्यांना वाटलं, विचारायला नको होतं.

"सांगते काय, रोज तेच! निळा शर्ट. निघताना बटण तुटलं, घरात पांढरा दोरा संपलेला, म्हणून तिनं लाल दोऱ्यानं शिवून दिलं. म्हणते, त्याला चारचौघांत लाज वाटली असेल, म्हणून आला नाही."

पोर्चमध्ये माणसं येत होती, जात होती. काकांच्या मानेवर थंड हात ठेवावा तसं झालं. सवयीनं त्यांच्या ओठांवर शब्द आला आणि त्यांनी तो तसाच गिळला: जागेवर.

तिनं कचेरीचं उत्तर पुढं केलं. मागितलेले अभिलेख विहित मुदत संपल्यानंतर नष्ट करण्यात आले असून नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत सोबत जोडली आहे. काकांनी पान उलटलं. यादीखाली रेकॉर्ड कीपरची सही होती. काकांनी जन्मात हजारो सह्या केल्या, पण सहीनं मान वर करून आपल्याचकडे पाहावं, असं पहिल्यांदाच होत होतं.

"होईल ना अपील?"

"गुरुवारी ये, पोरी."

"आजच लिहा की. दोनला माझी ड्यूटी लागते."

"गुरुवारी," काका म्हणाले आणि त्या दिवशी पहिल्यांदाच साडेबाराला घरी गेले.

गोष्ट तेवीस वर्षांपूर्वीची. कुठले कागद किती वर्षं ठेवायचे याचा कचेरीत एक तक्ता होता. तो टाइप करताना कुणाचा तरी हात एका ओळीनं घसरला, आणि कुत्र्यांचे परवाने 'कायम' या रकान्यात जाऊन बसले, बेवारस माणसं 'दहा वर्षं'मध्ये आली. काकांनी तक्ता दुरुस्त करावा म्हणून तीन वेळा लिहिलं. वरून उत्तर आलं नाही. आला तो रद्दी लगद्याला नेणारा गिरणीचा ट्रक. नष्ट करायच्या आधी प्रत्येक फाईल यादीशी ताडून पाहायची असा नियम होता, आणि काका नियमाचे पक्के. ताडून पाहायची म्हणजे उघडायची, उघडली की वाचली जायची. नाव कुणालाच नव्हतं. होते ते फक्त व्रण, बोटं, बटणं. कुणीतरी ओळखावं एवढ्यासाठी कुण्या कारकुनानं जीव ओतून लिहिलेलं. हे गेलं की ही माणसं जगात होती याचा पुरावाच नाही.

काकांनी एक्केचाळीस फायली उचलल्या आणि कुत्र्यांच्या परवान्यांच्या गठ्ठ्यांमध्ये, तीन नंबरपासून नऊ नंबरपर्यंत, एकेक करून सरकवल्या. तिथं जगाच्या अंतापर्यंत कुणी हात लावणार नव्हतं. मग वर जाऊन यादीखाली सही केली: नष्ट केले. त्या रात्री ते शांत झोपले. आपण फार मोठं पुण्य केलं अशा समजुतीत सहा वर्षं गेली.

मग एक म्हातारा आला. अर्ज घ्यायच्या खिडकीशी वाकून म्हणाला, "मुलगा हरवलाय. उजव्या पायाला सहा बोटं होती." काकांच्या शेजारी तेव्हा साहेब बसले होते. रजिस्टर समोर उघडं होतं, त्यात लाल शाईत 'नष्ट' लिहिलेलं होतं. काका म्हणाले, "नष्ट झालंय."

म्हातारा बरं म्हणाला. त्यानं अर्ज तसाच खिडकीवर ठेवला आणि पायऱ्या चढून गेला. पोच त्यानं मागितली नाही आणि काकांनी दिली नाही. रस्त्याच्या पातळीवरच्या त्या खिडकीतून त्याचे पाय जाताना दिसले, आधी उजवीकडे, मग कुठं जायचं ते विसरल्यासारखे डावीकडे. पाहुणे घरी यायला लागले ते त्या दिवसापासून.

काकूंना फायलींचं माहीत होतं. म्हाताऱ्याचं माहीत नव्हतं. ते मंगळवारी दुपारी कळलं.

"म्हणजे तुम्ही त्यांना ट्रकपासून वाचवलंत," काकू म्हणाल्या, "आणि मग स्वतःच कुलूप घालून बसलात."

"सोपा मार्ग आहे एक. तिला सांगायचं, कुत्र्यांच्या परवान्यांचा गठ्ठा सात पाहायला माग. आपोआप सापडल्यासारखं होईल."

"आणि मग?"

"मग... नष्ट झालेल्या कागदाची नक्कल शिक्का मारून कोण देणार? कागदावर तो कागद नाहीच ना. शिक्का नसेल तर ती आई कडी लावायची नाही."

"आणि बाकीचे चाळीस?"

काकांनी काकूंसमोरची मटाराची एक शेंग उचलली आणि तशीच परत ठेवली.

"अहो, पेन्शनला काही झालं तर मटार कमी खाऊ," काकू म्हणाल्या. "पण ही माणसं मी आता आणखी नाही सांभाळायची. माझं वय झालं."

गुरुवारी काकांनी कंडक्टरबाईला सगळं सांगितलं. बाकाच्या कडेला बसून, तिच्याकडे न बघता. सांगून झाल्यावर तिचा तो आवाज एकदम खाली आला. ती अगदी हळू म्हणाली, "कुत्र्यांत ठेवलंत माझ्या बापाला?"

"हो."

"का?"

दुसरं कुणी असतं तर काकांनी सांगितलं असतं, 'का'ला फाईल नसते. "कुत्र्यांना कुणी हात लावत नव्हतं, पोरी. माणसं ट्रकमध्ये चालली होती."

"आणि नंतर? इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"घाबरलो."

ती उठली. पोर्चच्या टोकापर्यंत गेली. काकांना वाटलं, गेली. ती परत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बसमध्ये माझ्याकडनं कुणाचं तिकीट फाडायचं राहिलं ना, तर मी पुढच्या स्टॉपला बस थांबवून फाडते. तुमचे किती स्टॉप गेले?" आणि मग, "लिहा. आधी तुमचा."

म्हणून काकांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःचा अर्ज लिहिला. विषय: नष्ट अभिलेखांच्या यादीतील एक्केचाळीस नोंदी खोट्या असल्याबाबत. खाली गठ्ठ्यांचे नंबर, फायलींचे नंबर, कुठली फाईल कुठल्या दोन परवान्यांच्या मध्ये आहे ते. एकही कागद बघावा लागला नाही. त्याच्या मागं कंडक्टरबाईचा अर्ज: गठ्ठा क्रमांक सातमधली अमुक फाईल समक्ष पाहण्यासाठी आणि शिक्क्याची नक्कल मिळण्यासाठी.

तळघरात अर्ज घ्यायच्या खिडकीत आता काकांच्याच हाताखाली शेवटच्या वर्षी शिकलेली रेकॉर्डबाई बसत असे. तिनं अर्ज वाचला, चष्मा काढला, पुन्हा घातला.

"सर, हे घेतलं तर चौकशी लागेल तुमच्यामागं."

"लागू दे."

"परत घेऊन जा, सर. मी बघितलंच नाही असं समजते."

"बाई," काका म्हणाले, "तेच तर मी सतरा वर्षांपूर्वी केलं होतं. पोच दे."

तिनं शिक्का उचलला. शिक्क्याचा धप् असा आवाज तळघरात घुमला, आणि काकांना शपथेवर सांगता येईल इतकं स्पष्ट वाटलं, की रॅकच्या मागच्या बाजूला बऱ्याच जणांनी एकदम श्वास सोडला.

परवानगीला अकरा दिवस लागले. बाराव्या दिवशी तिघं गठ्ठा सातपाशी उभे होते. रेकॉर्डबाईनं गाठ सोडली. धूळ उडाली, ती बराच वेळ खाली बसायला तयार नव्हती. वर परवाने: टायगर, रंग काळा, शेपूट अर्धी. रॉकी, मालकाच्या म्हणण्यानुसार चावत नाही. कंडक्टरबाईला हसू आलं आणि तिनं तोंडावर हात धरला. पुढचा परवाना उलटला, आणि मध्ये ती फाईल होती. पातळ. तीन कागद.

"पुरुष, वय अंदाजे तीस," रेकॉर्डबाई वाचू लागली. पुढचं तिला वाचावं लागलं नाही. कंडक्टरबाईच बोलत होती, न बघता, आईच्या लयीत: निळा शर्ट, वरून तिसरं बटण, लाल दोरा. कागदही तेच म्हणत होता. तिसऱ्या कागदावर शहराच्या खर्चानं केलेल्या अंत्यविधीची तारीख होती, जागा होती. आणि त्याला टाचलेलं एक छोटं पाकीट, ओळख पटवण्यासाठी. टाचणीचा गंज पाकिटात उतरला होता. आत बटण. दोरा अजून लालच.

काका भिंतीकडे बघत होते. तिथं कुणी नव्हतं, तरी त्यांनी थोडं बाजूला सरकून वाट दिली.

"फाईल इथंच राहील," रेकॉर्डबाई म्हणाली, "नक्कल शिक्का मारून देते. पण वस्तू वारसाला देता येते. सरांनीच शिकवलंय." तिनं एक कोरा कागद पुढं सरकवला. काकांनी स्वतःच्या हातानं लिहिलं: शर्टाचे बटण एक, लाल दोऱ्यासह, मिळाले. खाली दोन रकाने. सही. मृताशी नाते.

कंडक्टरबाईनं सही केली. नात्याच्या रकान्यापाशी पेन थोडं थांबलं. मग तिनं लिहिलं, मुलगी, आणि कागद फिरवून काकांसमोर ठेवला. "घ्या तुमची पोच."

पुढं पाच-सहा दिवस ती आली नाही. काकांच्या घरी मात्र चौकशीचं पत्र आलं. त्यावर जावक नंबर नव्हता म्हणून काकांनी ते दुरुस्तीसाठी परत पाठवलं. दुपारच्या हजेरीत काकू कान देऊन बसल्या. सहा बोटं जागेवर. व्रण जागेवर. मग जरा खंड, आणि पुढचा. "एक जण गेला वाटतं," काकू म्हणाल्या, आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटल्या, "सांभाळून जा बाबा."

सोमवारी कंडक्टरबाई पोर्चमध्ये आली ती सावकाश. बाकावर बसली. बॅग मांडीवर घेतली.

"आईनं नक्कल वाचली नाही, शिक्क्यावरनं नुसता हात फिरवला," ती म्हणाली. "मग बटण घेतलं. दोरा नखानं ओढून बघितला. म्हणाली, बघ, माझी गाठ सुटली नाही. बस, एवढंच. संध्याकाळी मी स्वयंपाकघरात होते, तर कडीचा आवाज आला. भिंतीला धरत धरत स्वतः उठून गेली होती. इतक्या वर्षांत गंजलेली ती, लागतेय कसली. मी म्हटलं, थांब, मी लावते. तर म्हणाली, नको, मलाच लावू दे."

काका चष्मा पुसत राहिले. बराच वेळ पुसला.

"अजून राग आहे मला तुमचा," ती म्हणाली.

"असू दे."

"आहे म्हणजे आहे. ते जाऊ दे. आज मला सुट्टी आहे." तिनं बॅगेतून कोरे कागद काढले. "ते सहा बोटंवाले. त्यांचा बाप आला होता म्हणालात ना? त्याचा पत्ता कुठं मिळेल?"

"पोच दिली नव्हती मी त्याला."

"पण अर्ज? तो तर ठेवून गेला होता."

काका बघत राहिले. अर्ज ठेवून गेला होता. खरंच. संध्याकाळी खिडकीवरचे सगळे कागद गोळा होऊन आवक टेबलाकडे जात आणि तिथं नोंद होई, कुणी वाचो न वाचो. पोच नसली तरी नोंद असणार. तारीख, नाव, पत्ता. सतरा वर्षांपूर्वीचं आवक रजिस्टर, मुदत तीस वर्षं, म्हणजे अजून खालीच आहे.

"लिही," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज कचेरीतल्यासारखा खणखणीत झाला. "विषय थोडक्यात. वर्ष घाल, महिना पावसाळ्यातला होता, तेव्हा चारही महिने माग. आधी समक्ष पाहण्यासाठी. आणि खाली तुझं नाव नको."

"मग कुणाचं?"

"माझं," काका म्हणाले. "त्याच्याकडे जायचंय ते मलाच."